पानाच्या तळाचं नाव

इंदापूरच्या माऊलीरावांच्या ज्या दिवशी पोटात दुखायचं, त्या दिवशी बारामतीत काहीतरी चांगलं घडलेलं असायचं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, पथ्य सांगितलं, गोळ्या दिल्या. पण दुखण्याचं मूळ पोटात नव्हतंच. ते बारामतीत भिगवण रस्त्यावर दुकान थाटून बसलं होतं आणि त्याचं नाव दिग्विजय होतं.

दिग्विजय म्हणजे माऊलीरावांचा साडू. अंथुर्ण्याच्या आप्पासाहेबांच्या दोन लेकी. थोरली रेश्मा माऊलीरावांना दिलेली, धाकटी राजलक्ष्मी दिग्विजयला. अंथुर्णं पडतं इंदापूर-बारामती रस्त्यावर, जवळजवळ मधोमध. म्हणजे दोन्ही जावयांना सासुरवाडी सारखीच लांब आणि सासऱ्याला दोन्ही जावई सारखेच जवळ. हे सारखेपण माऊलीरावांना मुळीच मंजूर नव्हतं. थोरला तो थोरलाच, असं त्यांचं म्हणणं, आणि तसं बघितलं तर ते चुकीचंही नव्हतं.

त्यात दोघांचा धंदा एकच. गाईची धार काढायची मशीन, कडबाकुट्टी, गोठ्यात अंथरायच्या रबरी मॅट. माऊलीरावांनी दुकान आधी टाकलं. लग्नानंतर दिग्विजय सहा महिने त्यांच्याच गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून धंदा शिकला आणि मग बारामतीला गेला. तिथं त्यानं दुकानाला बायकोचं नाव दिलं, ‘राजलक्ष्मी गोठा साहित्य’, आणि पाच वर्षांत शिकवणाऱ्याच्या दुप्पट माल विकू लागला. आता सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही? माऊलीराव माणूस वाईट नव्हते. गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत, मशीन बिघडलं तर स्वतः पान्हा घेऊन जात. फक्त दिग्विजयचं नाव निघालं की त्यांच्या तोंडचा चहा कडू व्हायचा.

तेही एक वेळ सोसलं असतं. सोसत नव्हतं ते आप्पासाहेबांचं वागणं. आप्पासाहेब म्हणजे गावच्या दूध सोसायटीचे तीस वर्षं सचिव राहिलेले गृहस्थ, वर्तमानपत्रातली जाहिरातसुद्धा तळापर्यंत वाचणारे. त्यांना बोअर घ्यायचा झाला, दिग्विजयला फोन. गाय बदलायची झाली, दिग्विजयला फोन. डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं की सोलापुरात, तेही दिग्विजयला विचारून. माऊलीरावांना कळायचं ते सगळं ठरल्यावर, आणि तेही रेश्माकडून. माऊलीरावांना जन्मात एकच गोष्ट हवी होती: आप्पांनी एकदा, फक्त एकदा, आधी आपल्याला विचारावं.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी रेश्मानं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

“अहो, बघा की. आमच्या राजलक्ष्मीनं स्टेटस ठेवलंय. दिग्विजयरावांच्या वेबसाइटवर आता हप्त्यावर मशीन मिळतंय.”

दिग्विजयच्या वेबसाइटवर मशीनच्या चित्राखाली एक हिरवं बटण आलं होतं, ‘हप्त्यावर घ्या’. ते दाबलं की पुण्याची एक वित्त कंपनी गिऱ्हाइकाला कर्ज द्यायची, दुकानदाराचे पैसे दोन दिवसांत खात्यावर आणि गिऱ्हाईक हप्ते भरायचं कंपनीला. माऊलीरावांनी ते बटण दहा वेळा दाबून बघितलं. मग गोळी घेतली.

आठ दिवसांत त्यांनी तीच कंपनी गाठली. कंपनीनं करार केला, पण बजावलं की वेबसाइटचं पान नियमात बसलं पाहिजे, वकिलाला दाखवून घ्या. तुमच्या साडूंचं बारामतीच्या ॲडव्होकेट सुधाताईंनी केलंय. माऊलीराव सुधाताईंकडं गेले, पण गाडी दोन गल्ल्या अलीकडं लावून, तोंडाला रुमाल बांधून. दिग्विजयनं बघितलं असतं तर त्यांना उभ्या जन्मात झोप लागली नसती.

सुधाताईंनी चष्मा पुसत पुसत सांगितलं, “कर्ज तुम्ही देत नाही, कंपनी देते. तेव्हा पानावर कंपनीचं नाव ठळक हवं. सगळं धरून वर्षाला व्याज किती पडतं तो आकडा हवा. सही करायच्या आधी गिऱ्हाइकाला मराठीत माहितीपत्रक मिळालं पाहिजे. मन बदललं तर ठरलेल्या दिवसांत मुद्दल परत करून दंडाशिवाय मोकळं होता येतं, हेही लिहायचं. संमतीची खूण गिऱ्हाइकानं स्वतः करायची, तुम्ही आधीच करून ठेवायची नाही. आणि शेवटी तक्रार निवारण अधिकारी. त्याचं नाव, त्याचा फोन.”

“आन् वर मोठ्या अक्षरात ‘बिनव्याजी’ लिवलं तर?”

“व्याज कुणीतरी भरतंच, माऊलीराव. तुम्ही स्वतः भरणार असाल तर खुशाल लिहा. मशीनच्या किमतीत मिसळून गिऱ्हाइकाकडूनच घेणार असाल, तर ती फसवणूक.”

“दिग्विजयरावांनी लिवलंय का?”

“त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. त्यांनी नाही लिहिलं.”

झालं. बाकीचं सगळं माऊलीरावांच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून गेलं. दिग्विजयकडं नाही ते आपल्याकडं असायला हवं, आणि ते काय असावं हे तर खुद्द वकीलबाईंनी सांगून टाकलं होतं. सुधाताई म्हणाल्या, मी पान लिहून देते, तीन आठवडे लागतील. माऊलीरावांनी मनात म्हटलं, एकदा लिहिलेल्या गोष्टीला दुसऱ्यांदा फी कशाला?

इंदापूरला तहसील कचेरीसमोर राम नावाचा टायपिंगवाला बसतो. तिथली रीतच अशी आहे की प्रतिज्ञापत्र कुणी नव्यानं लिहीत नाही. आधीच्या माणसाचं काढायचं, नाव बदलायचं, गाव बदलायचं, छापायचं. उत्पन्नाचा दाखला असो की रेशनकार्ड, मजकूर तोच. त्या रीतीनं कितीतरी लोकांची कामं बिनबोभाट झाली आहेत, म्हणून माऊलीरावांना त्यात वावगं काही वाटलं नाही. हाच राम आता वेबसाइटही करून द्यायचा. त्यानं दिग्विजयचं अख्खं पान उचललं. वर दुकानाचं नाव बदलून ‘माऊली गोठा साहित्य’ केलं, वरचा फोन बदलला, दिग्विजयच्या फोटोच्या जागी माऊलीरावांचा फेटा बांधलेला फोटो बसवला.

“खाली लई मजकूर हाय, माऊलीराव. पार तळापातूर. वाचून बघता का?”

“काय वाचायचंय? सुधाताईंनी लिवलेलं हाय, पक्कं हाय. तितला काना बी हलवू नगंस. तू वर लाल अक्षरात लिव, ‘बिनव्याजी हप्ते’. आन् व्याजाचा आकडा तेवढा काढून टाक.”

दोन गाईंच्या मशीनची रोख किंमत होती बेचाळीस हजार. कंपनीचे सगळे हप्ते मिळून व्हायचे शेहेचाळीस. माऊलीरावांनी पानावर मशीनची किंमतच शेहेचाळीस टाकली. म्हणजे व्याज कुठं गेलं? किमतीच्या पोटात. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं.

गिऱ्हाईक मात्र तुटून पडलं. सणसर, निमगाव, पळसदेव, कुठून कुठून मागणी आली. बारामतीकडची दोन गिऱ्हाइकंसुद्धा दिग्विजयला सोडून इकडं आली, त्या दिवशी माऊलीरावांनी दुकानात पेढे वाटले आणि कारण सांगितलं नाही. पण खरा पेढ्याचा दिवस पुढंच होता. एका सकाळी अंथुर्ण्याहून फोन आला.

“माऊलीराव, आप्पा बोलतोय. तुमचं पान बघितलं. बिनव्याजी म्हणताय, तर दोन गाईंचं मशीन तुमच्याकडनंच घेतो म्हणतो. रीतसर पानावरनं घेणार हां. जावयाकडनं सूट घ्यायची न्हाय मला.”

खरं सांगतो, माऊलीरावांच्या जिभेवर आलं होतं. आप्पा, रोख घ्या, चार हजार वाचतील, एवढंच म्हणायचं होतं. पण मग लाल अक्षरांचं काय? आणि आप्पांनी पहिल्यांदाच दिग्विजयला ओलांडून आपल्याकडं यावं, आणि आपणच त्यांना मागं फिरवावं? जिभेवरचं त्यांनी गिळलं. “घ्या की आप्पा, दुकान तुमचंच हाय,” म्हणाले. मशीन जोडायला स्वतः गेले. सासूबाई जयवंताबाईंनी चहात दूध जास्त घातलं, आणि परतीच्या वाटेवर माऊलीराव गाडीत एकटेच हसत होते.

त्यानंतर तीन महिने एकही तक्रार आली नाही. एकही नाही. माऊलीराव हे रेश्माला रोज सांगायचे. कर्ज कुणी कधी फेडलं हे कंपनी दुकानाला कळवत नाही, ते गिऱ्हाईक आणि कंपनी यांच्यातलं. तेव्हा फोन वाजत नाही म्हणजे सगळं गोड चाललंय, असा त्यांचा हिशेब होता.

यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा मान काय सांगावा! आप्पांनी दोन्ही लेकी-जावयांना एकाच दिवशी बोलावलं. दोन पाट शेजारी शेजारी, भोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, तेहेतीस अनारशांचं एकेक ताट, तांब्याचा दिवा. माऊलीरावांनी बसायच्या आधी डोळ्यांनीच मोजमाप घेतलं. पाट सारखे. उपरणी सारखी. दिवेही सारखेच. फक्त तुपाची वाटी दिग्विजयकडं जरा जास्त भरलेली वाटली.

“यंदा तुमाला दोघांना शेजारी बसवायचं म्या मनात धरलं व्हतं,” आप्पा म्हणाले. ते त्या दिवशी नको तितके खुशीत होते. एकदा थोरल्याकडं बघायचे, एकदा धाकट्याकडं.

दुसरा धोंडा तोडतोय तोच दिग्विजयचा फोन वाजला. त्यानं बघितलं, माफी मागितली आणि उष्ट्या हातानं उठून अंगणात गेला. जेवणावरून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, पण आप्पांनी एका शब्दानं टोकलं नाही. माऊलीरावांनी कान टवकारले. अंगणातून आवाज येत होता.

“व्हय मावशी, कळलं मला. बिनव्याजी न्हाय ते. न्हाय, फसवलं म्हणू नगा. तुमची मुदत अजून संपली न्हाय. उद्या कंपनीला लिहून देऊ, मुद्दल भरा, मोकळ्या व्हाल. म्या हाय ना.”

माऊलीरावांच्या अंगावरून मोरपीस फिरलं. म्हणजे दिग्विजयकडं तक्रारी येतायत! गिऱ्हाईक त्याला फसवणारा म्हणतंय! दिग्विजय परत येऊन बसताच त्यांनी मुद्दाम मोठ्यानं विषय काढला.

“धंद्यात गिऱ्हाईक समाधानी पायजे, आप्पा. माझ्याकडं तीन महिन्यांत एक तक्रार न्हाय. एक बी न्हाय!”

राजलक्ष्मी वाढता वाढता थांबली. दिग्विजय ताटात बघत राहिला. आप्पांनी पाण्याचा घोट घेतला आणि हसून म्हणाले, “ते खरंच हाय. तुमची येवस्था चांगली हाय, माऊलीराव. मन मोठं लागतं त्याला.” आणि मग, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “पावसाच्या आत वीस गाईंचा गोठा बांधायचा इचार हाय. मशीन, मॅट, पाइप, सगळं नवं. पण आधी तुमाला इचारणार. तुमी म्हणाल तसं.”

आधी तुमाला! माऊलीरावांच्या घशात धोंडा अडकला. त्यांनी तिरक्या नजरेनं दिग्विजयकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काही दुःख दिसेना, त्यामुळं सुखात तेवढं कमी पडलं.

घरी आल्यावर माणसानं तिथंच थांबायचं होतं. पण हेव्याला जिंकून भागत नाही, समोरचा हरलेला दिसावा लागतो. माऊलीरावांनी कागद काढला आणि वित्त कंपनीला पत्र लिहिलं. बारामतीच्या ‘राजलक्ष्मी गोठा साहित्य’ची गिऱ्हाइकं नाराज आहेत, ‘बिनव्याजी’ सांगून त्यांना फसवलं जातंय, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे; नात्यानं साडू असलो तरी सत्य लपवणं माझ्या तत्त्वात बसत नाही; सखोल चौकशी व्हावी. खाली सही ठोकली, दुकानाचा शिक्कासुद्धा मारला.

“कशाला दुसऱ्याच्या भानगडीत पडताय?” रेश्मा म्हणाली. माऊलीराव म्हणाले, तुला कायद्यातलं कळत नाही.

दहाव्या दिवशी कंपनीच्या बारामतीच्या शाखेत दोघांनाही बोलावणं आलं. पुण्याहून स्वरदा नावाच्या अधिकारी आल्या होत्या, तिशीतल्या, शांत आवाजाच्या. दिग्विजय आधीच येऊन बसला होता. माऊलीरावांना बघून उठला आणि “या दाजी,” म्हणून खुर्ची पुढं केली. माऊलीरावांनी दुसरी खुर्ची घेतली.

“तुमचं पत्र मिळालं,” स्वरदाताई म्हणाल्या. “दिग्विजयरावांच्या फोनवरून आमच्याकडे तीन महिन्यांत अकरा तक्रारी आल्या आहेत. ही गोष्ट खरी आहे.”

“अकरा!” माऊलीरावांनी मांडीवर थाप मारली. “म्या म्हणलं न्हवतं का?”

“पण त्यातली एकही त्यांच्या दुकानाची नाही. अकराच्या अकरा मशीन तुमच्याकडून गेलेली आहेत.”

त्यांनी लॅपटॉप फिरवला. पडद्यावर माऊलीरावांचं पान होतं. फेट्यातला फोटो, लाल अक्षरं. स्वरदाताईंनी पान वर सरकवत नेलं. अटी, शर्ती, आणखी अटी. माऊलीरावांनी आपलंच पान एवढं खोल कधी बघितलं नव्हतं. अगदी तळाला, जिथं कुणी जात नाही तिथं, लिहिलेलं होतं: तक्रार निवारण अधिकारी, श्री. दिग्विजय. आणि खाली त्याचा मोबाइल नंबर.

काना बी हलवू नगंस, असं आपणच रामला बजावलं होतं.

“पहिला फोन पळसदेवच्या धोंडाबाईंचा आला,” दिग्विजय खाली बघत बोलला. “म्हणाल्या, माहितीपत्रकात व्याज दिसतंय, पानावर तर न्हाय. मला काय कळंना. मग तुमचं पान तळापातूर वाचलं तवा कळलं. मुदतीत व्हतं त्यांचं कर्ज मिटवून दिलं. नंतर जे फोन आले त्यांचं बी तसंच केलं.”

“मला सांगायचं न्हाय का मग?”

“सांगितलं असतं तर तुमाला वाटलं असतं, ह्यो जळतोय.”

माऊलीरावांना अगदी हेच वाटलं असतं. स्वरदाताईंनी निर्णय सांगितला. आजपासून पानावरचं बटण बंद. लाल अक्षरं काढायची, व्याजाचा आकडा परत टाकायचा, तक्रार ऐकायला स्वतःचं नाव आणि स्वतःचा फोन. ज्यांची मुदत टळून गेली त्या गिऱ्हाइकांचं व्याज माऊलीरावांनी सोसायचं. तसं लेखी दिलं तर तीन महिन्यांनी पुन्हा विचार होईल. मग त्यांनी अकरा नावांचा कागद सहीसाठी पुढं केला. चौथ्या ओळीवर माऊलीरावांचं बोट थांबलं. आप्पासाहेब, मुक्काम अंथुर्णे, कर्ज तिसऱ्या दिवशी, मुदतीत परत.

जन्मातली एक जीत होती, तीही तिसऱ्याच दिवशी परत गेलेली.

बाहेर पार्किंगमध्ये दिग्विजय मागोमाग आला. “दाजी, एक सांगू का? आप्पांनी त्या तळाच्या नंबरावर फोन केला तवा म्या उचलला. त्यांना वाटलं, तुमीच इश्वासानं माझं नाव लावलंय. थोरल्यानं धाकट्याला जवळ केलं म्हणून लई खूश झाले, व्याजाचं मनावर बी घेतलं न्हाय. म्हणून तर शेजारी पाट मांडले. म्या काय बोललो न्हाय. तुमी बी बोलू नगा. राहू द्या तसंच. गोठ्याचं काम तुमालाच मिळंल.”

माऊलीरावांना वाटलं, ह्यानं त्यापेक्षा दोन मुस्काटात द्यायच्या होत्या. म्हणजे आप्पांचा तो मानही ह्यानं दिलेला! ‘मन मोठं लागतं’ म्हणाले ते आपल्याला, पण मोठं मन निघालं ह्याचंच. आजवर दिग्विजयच्या दुकानाचा हेवा केला, गिऱ्हाइकांचा केला, तुपाच्या वाटीचा केला. आता त्याच्या चांगुलपणाचाही करायचा, आणि तो काही पानासारखा उचलून आणायची सोय नाही. गप्प बसलं तर गोठा मिळणार, आप्पा आधी विचारणार, जे हवं ते सगळं मिळणार. फक्त ते दिग्विजयचं उष्टं असणार.

ते त्यांना सोसवेना. लोक धर्मासाठी खरं बोलतात, भीतीनं बोलतात. माऊलीराव खरं बोलायला निघाले ते निव्वळ जळफळाटानं. पण निघाले. अंथुर्णं वाटेतच होतं.

आप्पा ओट्यावर गोठ्याचा कच्चा नकाशा घेऊन बसले होते. “या, या. बरं झालं आलात. तुमालाच फोन लावणार व्हतो.”

“आधी माझं ऐका, आप्पा.” माऊलीराव बसलेसुद्धा नाहीत. “ते तळाचं नाव म्या लावलं न्हवतं. पान दिग्विजयचं चोरलं, त्यात त्याचं नाव ऱ्हायलं. मला ठावं बी न्हवतं. बिनव्याजी म्हणलं ते खोटं व्हतं. तुमी फोन केला तवाच सांगायचं व्हतं, न्हाय सांगितलं. वर त्याच्यावरच तक्रार टाकली म्या. आज बटण बंद केलं कंपनीनं.”

आप्पांनी चष्मा काढला. ओट्याखाली कोंबड्या चरत होत्या.

“म्हणजे तुमी लावलं न्हवतं,” ते शेवटी म्हणाले. आवाजातली खुशी गेली होती, आणि ती जाताना माऊलीरावांना स्पष्ट ऐकू आली. “मग सांगाय कशाला आलात? दिग्विजयरावांनी धाडलं?”

“न्हाय. तो म्हणला, गप ऱ्हावा. म्हणून तर आलो. त्याचं उपकार नगं वाटलं मला. म्या जळतो त्याच्यावर, आप्पा. पयल्यापासनं.”

आतून जयवंताबाईंचा आवाज आला, “आन् तुमचं सुप्याच्या साडूंबरं काय येगळं व्हतं? त्यांनी बुलेट घेतली तवा दोन दिस जेवला न्हवता तुमी!”

आप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. नकाशा उचलला, गुडघ्यावर सपाट केला आणि माऊलीरावांच्या पुढं धरला.

“बसा. इचारणार म्हणलो व्हतो, इचारतो. वीस गाई हायत. सामान कुठनं घ्यावं? आन् ह्या खेपेला खरं सांगा.”

आधी विचारलं होतं. दिग्विजयच्या आधी, सगळ्यांच्या आधी. माऊलीरावांनी नकाशा हातात घेतला आणि तो खरोखर नीट बघितला. वीस गाईंना बादलीची मशीन चालत नाहीत, भिंतीनं पाइप फिरवून दूध थेट टाकीत न्यावं लागतं. ते सामान त्यांच्या दुकानात नव्हतं. ते जोडायचं त्यांना येतही नव्हतं. अख्ख्या दोन तालुक्यांत ते नीट जोडणारा एकच माणूस त्यांना माहीत होता, कारण त्याच्या प्रत्येक कामाची बातमी त्यांच्या पोटात आलेली होती.

“रोखीनं घ्या,” ते म्हणाले. तिथं थांबले. “हप्त्यात पडू नगा. मॅट माझ्याकडनं घ्या, त्या चांगल्या हायत. आन् बाकीचं...”

आप्पा वाट बघत होते.

“बाकीचं दिग्विजयकडनं घ्या, आप्पा. त्याच्यासारखं काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाय.”

आप्पांनी मान हलवली, खिशातून पेन काढलं आणि नकाशाच्या कोपऱ्यात ते लिहून घेतलं. मॅट, माऊलीराव. बाकी, दिग्विजयराव. मग आत बघून दोन कप चहा सांगितला.

चहा आला तेव्हा माऊलीरावांच्या पोटात नेहमीच्याच जागी कळ आली. गोळ्या गाडीत होत्या. ते उठले नाहीत, बसून राहिले आणि सगळा चहा प्यायले.